दसऱ्याची तारीख

यादी पोस्टाने आली. खाकी लखोटा, आत सायक्लोस्टाइल केलेली बारा पानं, आणि शाई इतकी पुसट की काही आकडे उजेडात धरून वाचावे लागले. ती आधी मी वाचली. आमच्या चिंचवडच्या घरी येणारा प्रत्येक इंग्रजी कागद आधी मी वाचायची, ही माझी लग्नापासूनची खोड. तळेगावात इंग्रजी पाचवीपर्यंत शिकले होते आणि त्याचा मला नको तेवढा ताठा होता. त्या ताठ्यापायी घरात काय झालं ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही. आता वय असं झालंय की लाज वाटून घ्यायचाही कंटाळा येतो, म्हणून लिहून टाकते.

माझे यजमान वैमानिक होते. चिंचवडच्या शेतकऱ्याचा मुलगा विमान चालवतो म्हटल्यावर त्या काळी लोक आधी हसत आणि मग नकळत वर बघत. लढाईच्या दिवसांत हे मॅट्रिक होऊन हवाई दलात गेले आणि तिथेच उडायला शिकले. लढाई संपल्यावर घरी आले, वर्षभर विहिरीवरच्या इंजिनाशी खटपट करत बसले, आणि मग सत्तेचाळीस साली एका छोट्या विमान कंपनीत लागले. कंपनी एका शेटजींची होती. लष्कराने विकायला काढलेली चार डाकोटा विमानं त्यांनी घेतली होती. मुंबई, पुणे, पुढे दक्षिणेतली दोन-तीन गावं, अशी टपालाची आणि माणसांची ने-आण चालायची. हे लागले तेव्हा सहवैमानिक होते, म्हणजे उजव्या खुर्चीत. तीन वर्षांनी कॅप्टन झाले, म्हणजे डाव्या खुर्चीत. दोन्ही खुर्च्यांमध्ये हातभर अंतर असतं, पण विमान डाव्या खुर्चीतल्या माणसाचं असतं. उजव्या खुर्चीतला त्याला मदत करतो. विमानातलं मला एवढंच कळायचं.

पुढे सरकारने सगळ्या खाजगी विमान कंपन्या ताब्यात घेऊन त्यांचं एकच महामंडळ केलं. विमानं एकत्र करणं सोपं होतं, त्यांना नवा रंग दिला की झालं. माणसांचं तसं नव्हतं. प्रत्येक कंपनीत कोण कोणाच्या वर याची यादी असायची, ज्येष्ठता यादी. कोणी कोणत्या मार्गावर जायचं, कोणाला कोणतं विमान, कोणाची कुठे बदली, आणि माणसं कमी करायची वेळ आली तर आधी कोण, हे सगळं त्या यादीतल्या नंबरावर ठरायचं. आता अशा सात-आठ याद्यांची एक यादी करायची होती. आपापल्या घरात थोरले असलेले सात-आठ जण एका घरात राहायला आले, आणि आता थोरलं कोणाला म्हणायचं, असा तो पेच होता.

त्या वर्षी रविवारी आमच्या ओट्यावर ह्यांच्या कंपनीतले आणि दुसऱ्या कंपन्यांतले पायलट जमायचे. मी पिठलं-भाकरी करायची, कोणी येताना पेरू घेऊन यायचं. मुंबईच्या रस्त्याने पिंपरीच्या औषध कारखान्याच्या बांधकामाकडे ट्रक धूळ उडवत जायचे आणि इकडे ह्यांचे वाद चालायचे. एकाचं म्हणणं, ज्याने जास्त तास उडवलं तो थोरला. दुसऱ्याचं, जो आधी कॅप्टन झाला तो. तिसऱ्याचं, जो आधी नोकरीला लागला तो. मी दाराआड उभी राहून ऐकायची आणि एक गोष्ट माझ्या पटकन ध्यानात आली. जो नियम ज्याला वर नेत होता तोच त्याला न्यायाचा वाटत होता. खोटं कोणीच बोलत नव्हतं. प्रत्येकाला मनापासून तसं वाटत होतं, आणि तेच मला जास्त भीतीचं वाटलं. कराचीहून आलेले एक वयस्कर पायलट पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीत राहायचे. त्यांचे सगळे कागद तिकडेच राहिले होते. ते या वादात कधी पडायचे नाहीत. भाकरी खायचे, आणि उठताना हात जोडून म्हणायचे, "भाभी, पिठलं एक नंबर." नंबर हा शब्द तेवढा एकदाच त्यांच्या तोंडून यायचा.

शेवटी सरकारने ठरवलं की नेमणूक-पत्रावरची तारीख धरायची. ज्याची तारीख आधीची तो वर. आणि चोपन्नच्या उन्हाळ्यात ती खाकी लखोट्यातली यादी आली. कच्ची यादी होती, हरकत असेल तर दोन महिन्यांत कळवा, असं वर लिहिलेलं.

मी ह्यांचं नाव शोधलं. ते जिथे असायला हवं होतं तिथे नव्हतं. चौदा नावं खाली सापडलं. मग मी त्या चौदा नावांसमोरच्या तारखा पाहिल्या. सगळ्यांची एकच तारीख होती. एका मोठ्या कंपनीने सत्तेचाळीस साली नवरात्रात चौदा मुलांची अख्खी तुकडी एका दिवशी भरती केली होती. आणि ह्यांच्या नावासमोर त्याच वर्षीच्या दसऱ्याची तारीख होती.

ती तारीख मी बोट ठेवून पुन्हा वाचली. कारण हे दसऱ्याला लागलेच नव्हते. हे त्याच्या दहा दिवस आधी लागले होते, सर्वपित्री अमावस्येला. ती तारीख पत्रावर होती, आणि ती पुसायला मीच लावली होती.

तेव्हा माझ्या लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. शेटजींचा पायलट अचानक आजारी पडला, त्यांनी ह्यांना निरोप धाडला आणि हे त्याच दिवशी कामावर गेले. आवस आहे, पितृपक्षाचा शेवटचा दिवस आहे, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. सासूबाईंनी पितरांचा स्वयंपाक केला होता, तो ह्यांच्याशिवायच झाला. तीन दिवसांनी नेमणुकीचं पत्र पोस्टाने आलं. घरात मी आणि सासूबाई. मी ते फोडलं आणि वाचलं. वाचून सासूबाईंना अर्थ सांगितला. मग माझी हुशारी मला गप्प बसू देईना. पत्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात टाइप केलेली तारीख मी खुंटीवरच्या पंचांगात लावून पाहिली, आणि ती सर्वपित्री निघाली.

आज कोणी हसेल. पण मी एकोणीस वर्षांची होते आणि माझा नवरा रोज आभाळात जात होता. ज्या कागदावर त्याचं आभाळात जाणं लिहिलं होतं त्याच्यावर अमावस्येचा दिवस होता, आणि तोही पितरांचा. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी सासूबाईंपाशी रडले.

सासूबाई नाकासमोर चालणारी बाई. त्यांना अक्षर येत नव्हतं पण समज पुष्कळ होती. चुलीपुढून न उठताच म्हणाल्या, "असंना का आवस. काम मिळालं न्हवं? आवसेला काय गाई दूध द्यायच्या थांबत न्हाईत."

मी ऐकेना. म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही एकदा सांगून बघा त्यांना. तारीख बदलून घ्या म्हणावं. मी सांगितलं तर हसतील. तुमचं ऐकतील."

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "बरं. सांगते माझं म्हणून."

आणि त्यांनी तसंच सांगितलं. मला पटत न्हाई, शेटला सांगून तारीख बदलून घे. हे हसले, पण आईचा शब्द ह्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता. शेटजींकडे गेले तर शेटजीच उलट वरमले. ते दर दसऱ्याला चारही विमानांची पूजा करायचे, पंख्याला झेंडूचा हार घालायचे, आणि असला माणूस आपल्याच कारकुनाने अवसेची तारीख टाकली म्हणून ओशाळला. त्यांनी तिथल्या तिथे नवं पत्र करून दिलं, दसऱ्याची तारीख टाकून. जुनं पत्र हे घरी घेऊन आले. मी ते दुसऱ्या दिवशी पाणी तापवताना बंबात घातलं, आणि ते पुरतं जळेपर्यंत तिथेच उभी राहिले. माझ्या मनावरचं ओझं उतरलं होतं.

त्या दहा दिवसांत चौदा मुलं भरती होत होती, आणि पुढे सात वर्षांनी कोणी त्यांची नि ह्यांची एकच यादी करणार होतं, हे मला काय ठाऊक. विमान कंपनीत तारीख म्हणजे माणसाचं वय असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्यात शुभ तारीख तेवढी कळायची.

महामंडळाने मार्ग कमी केले होते. दोन कंपन्यांची विमानं एकाच गावाला जायची तिथे आता एकच जाणार होतं. त्यामुळे कॅप्टनच्या जागा मोजक्याच राहिल्या, आणि त्या यादीत वरून खाली देत आणल्या तर ह्यांच्या नावाच्या नऊ नावं वरच संपत होत्या. तारीख खरी धरली असती तर हे आत होते. खोट्या तारखेने बाहेर. बाहेर म्हणजे पुन्हा उजवी खुर्ची.

संध्याकाळी हे आले आणि यादी वाचली. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. सासूबाई भाकरी थापत होत्या.

"आये," हे म्हणाले, "तुझ्या त्या अवसेपायी मी गेलो बघ."

सासूबाईंना काय झालं ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. हात पिठात तसाच ठेवून एवढंच म्हणाल्या, "मला काय म्हाईत, लेका."

मी तिथेच होते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. तोंड उघडलं असतं तर काम एका वाक्याचं होतं. मी उघडलं नाही. भ्याले. ह्यांचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता आणि तो माझ्याकडे वळावा असं मला वाटत नव्हतं. खरं कारण एवढंच.

त्या दिवसापासून हे आईशी बोलेनासे झाले. भांडण नाही, आवाज नाही. जेवायला बसायचे, आणि आईने काही विचारलं तर उत्तर मला द्यायचे. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, श्रावण गेला. सासूबाई ह्यांच्यासाठी ताटात तूप वाढायच्या आणि मागे सरून बसायच्या. माझ्यावर त्यांनी एका शब्दाने राग काढला नाही. काढला असता तर मी सुटले असते. रोज सकाळी मी ठरवायची, आज सांगून टाकायचं. मग हे गाडी काढून विमानतळावर निघायचे, आणि मी मनाशी म्हणायची, उडायला निघालेल्या माणसाला असलं काही सांगू नये. संध्याकाळी म्हणायची, दमून आलाय. अशी कारणं मला दोन्ही वेळा नवी सापडायची.

मधल्या काळात ह्यांनी हरकतीचा अर्ज केला. शेटजींनी पत्र लिहून दिलं, की हा माणूस सर्वपित्रीलाच कामावर होता, तारीख घरच्यांच्या आग्रहावरून पुढची घातली. ह्यांच्या उड्डाणाच्या वहीतही त्या दहा दिवसांतली उड्डाणं होती. पण तेव्हा सगळेच शेटजी आपापल्या जुन्या माणसांना हवी तशी पत्रं देत सुटले होते. आणि वहीतली उड्डाणं नेमणुकीआधीची चाचणी म्हणून असू शकतात, तशी सगळ्याच कंपन्या घ्यायच्या, असं सरकारी बाजूचं म्हणणं होतं. पहिलं पत्र दाखवा म्हणाले. ते नाही, तर ज्याने ते पाहिलं आणि तारीख बदलायला लावली ते माणूस आणा.

ह्यांनी तीन महिन्यांनी आईला पहिला थेट प्रश्न केला तो असा. "साहेबापुढे सांगशील?"

"सांगीन की," सासूबाई म्हणाल्या.

त्यांना सोबत म्हणून मीही गेले. चिंचवड स्टेशनावरून पुणे. सासूबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. शेटजींच्या जुन्या कचेरीत, पुणे स्टेशनाजवळ, एका टेबलामागे तिघे बसले होते. मधले सरकारी साहेब मराठीच होते, चष्मा लावलेले, बोलायला मऊ. सासूबाईंना त्यांनी खुर्ची दिली. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. हे खिडकीपाशी उभे, मी दारापाशी.

"आजी, तारीख बदलायला कोणी सांगितलं होतं?"

"म्या. आवस व्हती. सर्वपित्री."

"पहिलं पत्र तुम्ही पाहिलं?"

"पाह्यलं. म्याच बंबात घातलं."

"त्यावर अवसेचीच तारीख होती, हे नक्की?"

"व्हय. नक्की."

साहेबांनी समोरच्या कागदांतून एक पत्र काढलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. आवाज तसाच मऊ. "या पत्रावर तारीख कुठे आहे ते जरा दाखवता?"

सासूबाईंनी कागद पाहिला. वरून खाली पाहिला. मग खालच्या जांभळ्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

कोणी हसलं नाही. साहेबांनी पत्र परत घेतलं, नीट फायलीत लावलं आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "आई मुलासाठी काहीही बोलेल. तिचा दोष नाही. पण तुम्ही म्हाताऱ्या माणसाला पढवून इथे आणायला नको होतं."

ह्यांची मान खाली गेली. खुर्ची जायची ती जाणारच होती. आता ह्या माणसाचं खरेपणही चाललं होतं, आणि ते त्याच्यापाशी भरपूर होतं. सासूबाई अजून त्या शिक्क्यावरून उचललेलं बोट दुसऱ्या हातात धरून बसल्या होत्या.

मी पुढे झाले.

"तारीख वर होती. उजव्या कोपऱ्यात, टाइप केलेली. पत्र मी वाचलं. पंचांग मी पाहिलं. तारीख बदलून घ्या म्हणून हट्ट मी धरला आणि ह्यांच्या आईला तो स्वतःचा म्हणून सांगायला लावला. बंबात मी घातलं. त्यांना वाचता येत नाही."

साहेबांनी विचारलं, "त्यात काय लिहिलं होतं?"

मी ते पत्र बंबात घालण्याआधी तीस वेळा तरी वाचलं असेल. डोळे मिटले आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून दाखवलं, माझ्या तळेगावच्या इंग्रजीत. आजच्या तारखेपासून आपली सहवैमानिक म्हणून नेमणूक करण्यात येत आहे, इथपासून खालच्या सहीपर्यंत. म्हणताना डोळे उघडायचा मला धीर होत नव्हता. उघडले तेव्हा हे माझ्याकडे बघत नव्हते. आईकडे बघत होते.

साहेबांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "बाई, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण यादीत मला विश्वास लिहिता येत नाही. कागद लागतो. तुमचं धरलं तर उद्या प्रत्येकाची बायको येऊन पत्र पाठ म्हणेल, आणि ती चौदा मुलं आहेत त्यांनी काय चूक केली?"

त्यांचं बरोबर होतं. मला त्या दिवशी त्यांचा राग आला आणि अजूनही थोडा येतो, तरी त्यांचं बरोबर होतं. तारखेला डोळे नसतात म्हणून तर तिच्यावर सगळ्यांनी मान तुकवली होती. मीच तिला डोळे आहेत असं समजून चालले होते.

स्टेशनावर हे तिकिटं काढायला गेले. आम्ही दोघी बाकावर. मी म्हटलं, "आत्याबाई, मला क्षमा करा."

सासूबाई रागावल्या. त्या चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्यावर रागावल्या. "कशाला बोललीस गं? येडी का काय? माझं आसं किती ऱ्हायलंय? म्या काढली आसती चार वर्सं त्याच्या अबोल्यात. तुला अख्खा जलम काढायचाय त्याच्यासंगं."

मग पदराने तोंड पुसून दुसरीकडे बघत बसल्या. मला तेव्हा कळलं की त्या तीन-चार महिन्यांत त्या माझ्यासाठी गप्प बसत होत्या, आणि तेही मोजून-मापून, माझं पुढचं सगळं आयुष्य डोळ्यापुढे धरून. मी रडले. फलाटावर माणसं होती, तरी रडले.

गाडीत हे आईशेजारी बसले. खडकी गेल्यावर म्हणाले, "आये, पाणी देऊ का?"

"दे," सासूबाई म्हणाल्या.

माझ्याशी ह्यांनी अबोला धरला नाही. चहा झाला का, पाटाला पाणी आलं का, असं सगळं बोलायचे. आत काय होतं ते मला कळत नव्हतं. विचारायची छाती नव्हती. पक्की यादी आली, तारीख दसऱ्याचीच. पुढच्याच आठवड्यात हे उजव्या खुर्चीत जाऊन बसले. त्या चौदांपैकी एक जण ह्यांचा कॅप्टन झाला. तो आमच्या ओट्यावर पिठलं खाऊन गेलेला, ह्यांच्याहून लहान. सवयीने ह्यांना 'सर' म्हणायचा. हे त्याला म्हणाले, "राव, जमिनीवर काय म्हणायचं ते म्हणा. वर गेल्यावर सर तुम्ही." हे त्याने मला सांगितलं, ह्यांनी नाही.

त्या वर्षीचा दसरा आला. हे आपट्याची पानं घेऊन घरात आले, आईच्या हातात ठेवली, पाया पडले. मग मला दिली. सासूबाई नेहमीसारख्या म्हणाल्या, "आज सात वर्सं झाली बघ तुझ्या नोकरीला."

"सात वर्षं आणि दहा दिवस," हे म्हणाले.

बोलले आईशी, पण बघितलं माझ्याकडे. थट्टा होती का टोचणी, मला कळलं नाही. चेहरा हसरा होता. मी पानं देवापुढे ठेवायला म्हणून आत गेले आणि तिथेच जरा वेळ थांबले.

पुढच्या दसऱ्यालाही तेच. आठ वर्षं आणि दहा दिवस. त्याच्या पुढच्याही. दरवर्षी सासूबाई वर्षं सांगायच्या आणि हे दहा दिवस जोडायचे. मी त्या वाक्याची सबंध नवरात्रभर धास्ती घ्यायची, आणि ते आलं नसतं तर मला त्याहून जास्त धास्ती वाटली असती. सत्तावन्नच्या थंडीत सासूबाई गेल्या. ह्यांनी त्यांचं सगळं केलं. माझ्या बाबतीत त्या शेवटी ह्यांच्याशी काही बोलून गेल्या असतील तर ते मला माहीत नाही.

अठ्ठावन्न साली नवे मार्ग निघाले, कॅप्टनच्या जागा वाढल्या आणि यादी खाली सरकत सरकत ह्यांच्या नावापर्यंत आली. भाद्रपदात कागद आला, चार वर्षांनी पुन्हा डावी खुर्ची. तो लखोटा मी फोडला नाही. हे येईपर्यंत दिव्याखाली तसाच ठेवला. ह्यांनी फोडला, वाचला, आणि माझ्या हातात दिला. मी पहिल्यांदा वरचा उजवा कोपरा पाहिला.

दसऱ्याला हे पानं घेऊन आले. घरात वर्षं सांगणारं माणूस नव्हतं. हे उंबऱ्यापाशी थांबले, कोणी काही बोलेल अशी वाट बघितल्यासारखे. ते बोलणं आता माझ्याकडे आलं होतं, म्हणून मी सगळं धैर्य गोळा केलं आणि दोन्ही वाटे मीच म्हटले.

"आज अकरा वर्षं झाली तुमच्या नोकरीला. अकरा वर्षं आणि दहा दिवस."

ह्यांनी माझ्या हातात पानं ठेवली आणि माझी मूठ मिटली.

"दहा दिवस राहू दे आता," हे म्हणाले.